पुढच्या बेसचा स्क्रू

अण्णा, तुम्ही दुर्बीण बसवून दिलेली ती तीनशे पंधरा बोरची बोल्ट रायफल गेल्या आठवड्यात दुकानात परत आली. होटगीच्या काकांची. तुम्हाला ती आठवत असेल असं मी धरून चालत नाही. तुम्ही लोकांना सुनावलेलं तुमच्या लक्षात कधी राहिलं नाही, ते ऐकणाऱ्यांच्या राहिलं. काका आता ऐंशीच्या पुढे गेलेत. रायफल काउंटरवर आडवी ठेवून म्हणाले, "परवाना जमा करायचाय पोरी. ही इकायची हाय, पण वाकडी इकू न्हाय. गोळी खाली जाती. घेणाऱ्याच्या गळ्यात कशाला बांधायचं?"

भवानी पेठेतल्या याच काउंटरवर त्यांनी तुम्हालाही तेच सांगितलं होतं, तीस वर्षांपूर्वी. तेव्हा ते पन्नाशीचे होते आणि रायफल क्लबात त्यांच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. दुर्बिणीची वरखालीची चकती फिरवून फिरवून शेवटाला गेली, तरी गोळी चार बोटं खालीच लागते. कधी चार, कधी सहा. दुर्बीण रायफलीवर ज्या दोन बेसवर बसते, त्यातला मागचा तुम्ही सैल केला, कुणाच्या तरी छातीच्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून त्याखाली सरकवली आणि आवळून दिलं. दुर्बीण मागून उचलली की गोळी वर जाते, एवढं तुमचं बरोबर होतं. आठ दिवस चाललं. मग दुसरी पट्टी, मग तिसरी. मी तेव्हा बावीस वर्षांची, तुमची मुलगी असून दुकानात फक्त तेल पुसायला. "बाईच्या हातात स्क्रू फिरतो, आवळला जात न्हाय," हे तुम्ही गिऱ्हाइकासमोर सांगायचा आणि गिऱ्हाईक माना डोलवायचं.

चौथ्यांदा काका येतात तेव्हा क्लबातली चार-पाच माणसं चहा घेत बसलेली आहेत. तुम्ही रायफलीकडे बघतही नाही. म्हणता, "काका, दुर्बिणीखाली किती पट्ट्या घालू? आता एक डोळ्याखाली घालू का?" सगळे हसतात. तेवढ्यावरही तुमचं भागत नाही. "नेम पंचेचाळिशीपर्यंतच असतो. आता घरी बसा, नातवंडांना गोट्या शिकवा." काकाही हसले. खांद्यावरच्या टॉवेलनं नळी पुसली आणि गेले. त्यानंतर ते रेंजवर कुणाला दिसले नाहीत. तुम्ही त्या दिवशी दुसरा चहा मागवलात.

या खेपेला रायफल माझ्या हातात होती. मी आधी चकती मधोमध आणली, दुर्बीण उतरवली आणि पुढच्या बेसवर पेचकस लावला. स्क्रू घट्ट होता, जराही पुढे सरकेना. बसवताना तुम्ही इथंच थांबला असणार, कारण घट्ट लागलं की तुमच्या लेखी काम संपायचं. मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद बेसच्या पुढच्या कडेखाली घालून बघितला. तो सरळ आत गेला. बेस काढला, तर खाली हळद.

खंडेनवमीला दुकानापुढे सगळ्यांच्या बंदुका ओळीनं मांडून तुम्ही ओल्या बोटानं हळदीकुंकू लावायचा. लोकांनी बघावं म्हणून जरा जास्तच. त्या हळदीचा थर बेसखाली पार स्क्रूच्या भोकापर्यंत जाऊन वाळला होता, खपलीसारखा. बेस बॉडीला चिकटून बसला असता तर हळद तिथं शिरलीच नसती. काकांनी ही रायफल इथं शेवटची पुजायला आणली ती तुम्ही हसं केलंत त्याच वर्षी, त्या चहाच्या आधी. म्हणजे फट तेव्हाही होती.

स्क्रूचं टोक चपटं होऊन चकाकत होतं. तुम्ही डब्यातला एकाच लांबीचा स्क्रू सगळ्या भोकांना वापरला. पुढच्या भोकाखाली बॉडीत शिरलेल्या नळीचे आटे असतात. स्क्रू दोन आटे लांब, तो खाली नळीवर टेकायचा आणि हाताला घट्ट लागायचा. बेस मात्र मोकळाच. पुढून किंचित उचललेला बेस, म्हणून दुर्बीण बघायची आभाळाकडे आणि नळी जमिनीकडे. शिवाय प्रत्येक बाराला दुर्बीण हलायची. आणि तुम्ही काय केलंत, तर पुढचं खोटं झाकायला मागून पट्ट्या चढवल्यात. दोन आटे कानशीनं घासायला मला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. पट्ट्या काढून टाकल्या. एकीवर बरगडी दिसत होती.

चूक मी समजू शकते, माझ्याही हातून होतात. पण रायफल चार वेळा समोर आली आणि चारही वेळा तुम्ही पुढच्या बेसला हात लावला नाही, कारण तो तुम्ही बसवला होता. तुमच्या हाताखालून गेलेल्या वस्तूत दोष निघाला की तो समोरच्या माणसात असायचा. लोक याला करारीपणा म्हणायचे. मी त्याला आळस म्हणते, आणि माजोरडा आळस.

काल रेंजवर गेलो. काकांना म्हटलं, तुम्ही मारा. "नगं. डोळा तवाच गेला," म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. मी मारल्या. चकती दोनदा थोडी फिरवली, मग तीन गोळ्या तळहाताखाली झाकतील एवढ्यात, काळ्या ठिपक्यावर. चकतीला दोन्हीकडे अजून भरपूर जागा होती.

"तुझा हात लई चांगला हाय की," काका म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "काय निगालं गं?"

"जुनं झालं होतं काका. सांधे ढिले पडतात."

"म्हंजी तवा माझा डोळा बरा असंल का?"

मी रायफल पिशवीत घालत होते. चेन ओढता ओढता मी म्हटलं, "एवढ्या वर्षांनी आता कसं सांगणार."

"व्हय, ते बी खरंच."

तुम्हाला वाचवायचं माझ्या मनात नव्हतं, अण्णा. बापाची चूक म्हटली की दुकानाची होते, आणि तुमच्या मागं दुकान आता माझं आहे. हे सगळं लिहायला हवं होतं ते काकांना. ते होटगीत राहतात, त्यांना वाचता येतं. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.