दगडाचं काळीज

हाकशेक,
१२ मार्च १९८१

चि. शुक-यिंग हिला पाक-हेईदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळे.

तू मकावहून पाठवलेली बदामाची बिस्किटं पोचली. बिस्किटं तुझ्या वहिनीनं खाल्ली. मी मात्र ज्यात तू ती गुंडाळली होतीस तो वर्तमानपत्राचा कागद घेऊन बसलो. ही थट्टा नव्हे.

कागदावर एक फोटो आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्राच्या तळाशी पाणबुड्या माणसांना भोकं पाडलेले मोठे दगड सापडले आहेत. खाली लिहिलंय की ते जुन्या चिनी जहाजांच्या नांगराचे असावेत. म्हणजे गोऱ्यांनी तो देश शोधण्याच्या कितीतरी आधी आपली माणसं तिथे पोचली होती, असं काही विद्वान म्हणतात. काही नाही म्हणतात. पण विद्वानांनी आपली खाडी कुठे पाहिली आहे? यिंग, त्या दगडाचं भोक मधोमध नाही, एका टोकाला सरकलेलं आहे. आणि खाच एकाच अंगाला, अंगठा बसेल एवढी. असे दगड आपल्या हाकशेक गावाखेरीज कुणी करत नाही. मी चाळीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला आणि सगळा वेळ माझ्याच दारातला भूगोल मला ठाऊक नव्हता.

आता मुद्द्याचं. भाऊबंदांतले तिसरे काका कुळाची वंशावळ पुन्हा लिहून काढताहेत. जुन्या वह्या जाळत होते त्या वाईट वर्षांत त्यांनी ती डुकरांच्या गोठ्याखाली रांजणात पुरून ठेवली होती. दक्षिणायन संपतं त्या दिवशी, बावीस डिसेंबरला, वही बंद होईल. पुढची तीस वर्षांनी. तेव्हा तू आणि मी नसू. आपल्या आजोबांच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. प्रत्येक माणसापुढे त्याची कबर कुठे ते लिहिलंय. मोक थिन-फूक यांच्यापुढे काही नाही. तुला आठवतं, पोरं आपल्याला 'पळपुट्याची नातवंडं' म्हणायची? आजोबांनी तिकडे कॅलिफोर्नियात पिवळ्या केसांची बायको केली म्हणायची? यंदा त्यांना गाव सोडून शंभर वर्षं झाली. मी तिथे लिहिणार आहे, 'पूर्वजांच्या जुन्या वाटेनं गेले.' आजीनं मरताना माझ्याकडून हेच तर मागितलं होतं, ती जागा कोरी ठेवू नको म्हणून.

तू या वेळी तरी ये. आता सरहद्दीवर कुणी अडवत नाही. तू येऊन तेहेतीस वर्षं झाली.

तुझ्या मायेचा भुकेला,
दादा

---

मकाव,
३० मार्च १९८१

तीर्थरूप दादाच्या पायांशी, इथल्या दमट हवेतून शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. खिडकीतून वारा येतो म्हणून नेहमीसारखं आजीच्या दगडाखाली ठेवलं आहे. बिस्किटांपेक्षा वेष्टन पौष्टिक निघालं हे वाचून हसले. पुढच्या वेळी वहिनीला बिस्किटं पाठवीन आणि तुला नुसती रद्दी.

दादा, तुझा आनंद मला इथे बसून दिसतो. लहानपणी पतंग वर गेला की तू असाच ओरडायचास. पण मठातल्या शाळेत सिस्टर आम्हांला सांगायच्या की एका साक्षीदारावर कुणाला फाशी देऊ नये आणि कुणाला संतही करू नये. माझी वर्गमैत्रीण तेरेझा लाव आठवते? तीच ती, एका नाताळात मी घरी आले होते तेव्हा पाहुणी म्हणून आली होती आणि तुझ्या खेकड्यांना घाबरून खुर्चीवर चढली होती. ती कॅलिफोर्नियात असते, लेकीकडे. तिला लिहिलं आहे की त्या दगडांचं काय ते विचार. तिचं उत्तर येईपर्यंत दौतीतली शाई वाळू दे.

येण्याचं म्हणतोस. आठवड्यातून दोन दिवस मुलींना भरतकाम शिकवते, ते सोडवत नाही, असं मी दर वेळी लिहिते. खरं सांगू का? आजीला खांदा द्यायला जी आली नाही, तिनं आता कुठल्या तोंडानं उंबरा ओलांडायचा? सरहद्द बंद होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजीला कुणी सांगितलं होतं का, एवढंच मला ठाऊक नाही.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही जपून ठेव.

तुझी,
यिंग

---

हाकशेक,
९ मे १९८१

चि. यिंग हिला अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या तेरेझाबाईंची वाट पाहायला वेळ कुणाला आहे! गावात बातमी पसरली. मुलं मला आता गुरुजी म्हणत नाहीत, सरखेल म्हणतात. मासळी घ्यायला गेलो की कोळीण विचारते, आरमाराला किती शेर देऊ. वहिनी म्हणते, सरखेलसाहेब, आधी अंगणातली कोंबडी खुराड्यात घाला, मग जग शोधा.

पण तिसऱ्या काकांचे डोळे भरून आले. म्हणाले, मिंग बादशहाच्या जहाजांच्या ताफ्यात आपली माणसं होती हे त्यांचे आजोबा सांगायचे, पण पुरावा नव्हता. आता देवळासमोर शिळा बसवायची ठरली आहे. तू पुराव्याचं विचारतेस तर ऐक. आपली होडी नांगराला दुसऱ्या किनाऱ्याचा दगड कधी वापरत नाही. ज्या किनाऱ्यावर परतायचं, त्याच किनाऱ्याचा दगड न्यायचा, ही आपली रीत. आजोबा हाँगकाँगहून आगबोटीनं गेले, एक वळकटी घेऊन. ते काही चार मणांचा दगड काखेत मारून गेले नसतील. म्हणजे हे दगड त्यांच्या फार आधी, आपल्याच जहाजांतून गेले. आहे उत्तर तुझ्या सिस्टरांकडे?

आजीच्या कबरीचा डावा निम्मा भाग, आजोबांचा, अजून रिकामा आहे. चिंगमिंगच्या सणाला झाडलोट करून आलो. दर वर्षी त्या रिकाम्या बाजूचं गवत काढताना मला लाज वाटायची. या वर्षी नाही वाटली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

---

मकाव,
१८ जुलै १९८१

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार दिवस लिहिते आहे आणि फाडते आहे.

तेरेझाचं उत्तर आलं. तिचा जावई तिथल्या विद्यापीठात नोकरीला आहे. तिथल्या एका दगडांच्या जाणकारानं त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दगड चीनचा नाही, दादा. तिथल्याच किनाऱ्याचा आहे, पिवळट आणि वजनाला हलका. तो म्हणतो, शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडची गरीब माणसं तिथे झोपड्या बांधून मासे आणि शिंपले काढायची, हे दगड त्यांनीच कोरलेले असणार. काही विद्वानांना हे अजून मान्य नाही, भांडण चालू आहे. पण तेरेझा स्वतः त्या किनाऱ्यावर गेली आणि तिथला एक खडा तिनं पाकिटात घालून पाठवला. तो माझ्यासमोर आहे. आपल्या काळ्या दगडाशी त्याचं काही नातं नाही.

तू रागावशील. पण एक विचार कर. भोक टोकाला, खाच एका अंगाला, हे तू ओळखलंस ना? ती ओळख खोटी नाही. म्हणजे आपल्या खाडीचा कुणीतरी त्या परक्या वाळूत बसून, आपल्याच पद्धतीनं दगड कोरत होता. आपल्या गावातून त्या काळी तिकडे कोण गेलं होतं?

शिळा बसवायची थांबव. वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणत नाही. माझ्यावर राग धरू नकोस, एवढंच.

यिंग

---

हाकशेक,
५ ऑगस्ट १९८१

शुक-यिंग,

पत्र मिळालं. शिळेचं काम थांबवलं. तिसऱ्या काकांना सांगताना माझी मान वर झाली नाही. आता मुलं सरखेल म्हणतात तेव्हा पाठ फिरल्यावर हसतात.

तुला वाटलं असेल, सरखेल गेला तर गेला, आजोबा तर सापडले! तुला रीत ठाऊक नाही म्हणून असं वाटतं. परक्या किनाऱ्याचा दगड ज्यानं होडीला बांधला, त्यानं परत न येण्याचं ठरवलं. पोरं म्हणायची तेच खरं झालं. आणखी एक ऐक, म्हणजे माझा राग कळेल. भोक पाडताना दगडावर ओली वाळू टाकून पोकळ बांबू फिरवत नेतात. अर्धं एका बाजूनं, अर्धं दुसऱ्या बाजूनं. मधून जो गोल गाभा निघतो त्याला आपल्याकडे दगडाचं काळीज म्हणतात. ते बायकोजवळ द्यायचं. माणूस पाण्यावर, काळीज घरी. तो परतेपर्यंत ती ते कुणाला दाखवत नाही. त्या पिवळ्या दगडाचं काळीज कुठे गेलं, विचार तुझ्या तेरेझाला. कुठल्या बाईच्या पेटीत?

ती ओळ कोरीच राहील. या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

पाक-हेई

---

मकाव,
१३ सप्टेंबर १९८१

ति. दादास, रागावलेल्या दादासही, शि. सा. न.

काल चंद्राचा सण झाला. शेजारणीनं कमळबियांचा केक दिला, तो तसाच आहे. तू लिहू नकोस म्हणालास. ऐकणार नाही. नऊ वर्षांची असल्यापासून मी तुझं फार ऐकलं आहे.

तुझी सगळी पत्रं मी ज्याच्याखाली ठेवते, तो आजीचा दगड तू कधी पाहिला नाहीस. आजीच्या शिवणाच्या पेटीला मुलग्यांनी हात लावायचा नसे. मला मठात पाठवलं त्या सकाळी तिनं तो माझ्या हातात दिला. म्हणाली, पुस्तकाची पानं उडतील, वर ठेव. आणि म्हणाली, परत येशील तेव्हा हा घेऊन ये, विसरू नकोस. मला वाटलं, म्हातारी दगडाचीसुद्धा मोजदाद ठेवते, म्हणून सुट्टीला येताना तो कधी आणलाच नाही. कुठून आणलास विचारलं, तर म्हणाली, तुझा बाप दुडुदुडु चालायला लागला तेव्हा हाँगकाँगहून एका पुडक्यात आला. तिला फार बोलायची सवय नव्हती, आपल्यालाही विचारायची नव्हती.

दादा, तो गोल आहे. उसाच्या पेरासारखा, चार बोटं लांब. बरोबर मधे एक उंचवटा आहे, दोन बाजूंनी येताना बांबू जरा चुकला असावा तसा. बावन्न वर्षं माझा अंगठा त्या उंचवट्यावरून फिरतो आहे. रंग पिवळट. हातात हलका. तेरेझाचा खडा शेजारी ठेवला. एकाच डोंगराची लेकरं वाटतात.

तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. ज्या दगडाची बातमी छापून आली तो आजोबांचाच, असं मी म्हणत नाही. त्या समुद्राच्या तळाशी कितीतरी असतील. पण असा एक दगड त्यांनी कोरला होता. घरचा दगड नेता येत नव्हता. पोट तर भरायचं होतं. म्हणून परक्या किनाऱ्याचा घेतला, आणि त्याचं काळीज बायकोला घरी पाठवलं. न येणारा माणूस हे का करील?

नंतर आजोबांची पत्रं थांबली. तिकडे जमिनीवर मेलेल्यांची हाडं धुऊन, पेटीत घालून गावोगाव परत आली. यांची आली नाहीत. मला वाटतं, पुरलेच गेले नाहीत. पाण्यानं ठेवून घेतले.

तिनं एवढी वर्षं ते पेटीत ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही. रीतच तशी म्हणालास ना? गाव पळपुटा म्हणत होतं आणि ती गप्प होती, कारण माणूस अजून परतायचा होता. मग मला का दिलं, हे मी रात्रंदिवस विचारते आहे. कदाचित घरातून जाणाऱ्या मुलीनं परत यावं म्हणून.

हा मी टपालानं पाठवणार नाही.

तुझी यिंग

---

हाकशेक,
४ ऑक्टोबर १९८१

चि. यिंग हिला अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचलं, कारण माझा चष्मा नेमका तेव्हाच सापडेना. नंतर सापडला, माझ्याच डोक्यावर. ओला होता.

मी पत्र घेऊन तिसऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ शाई घोटत बसले. मग म्हणाले, गाढवा, तुझी आजी माझ्या आईला एकदा म्हणाली होती की माझं माणूस माझ्या पेटीत आहे. आम्ही समजलो, हिचं डोकं फिरलं.

देवळापुढे मी सगळ्यांना खरं ते सांगितलं. आपल्या जहाजांनी ती जमीन आधी गाठली की नाही, ते विद्वानांनी भांडून ठरवावं. आमचा माणूस गेला होता आणि त्याला परत यायचं होतं, एवढं मला ठाऊक आहे. कुणी हसलं नाही. मुलं मात्र सरखेलच म्हणतात, आता तो बहुतेक कायमचा.

आजीच्या शेजारची जागा साफ करून घेतली. काकांनी ओळ लिहायला घेतली आहे: 'मोक थिन-फूक. समुद्रावर गेले. काळीज घरी.' पण शेवटचे दोन शब्द ते अजून लिहीत नाहीत. म्हणतात, वस्तू उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय वंशावळीत खोटं लिहिणार नाही. म्हणजे सगळा गाव आता तुझ्यासाठी खोळंबला आहे. बावीस डिसेंबरच्या आत ये. वहिनीनं तांदळाच्या गोळ्यांसाठी गूळ आणून ठेवला आहे.

कुठल्या तोंडानं उंबरा ओलांडू, असं विचारलं होतंस. आजीला मीच सांगितलं होतं की सरहद्द बंद आहे. ती म्हणाली, उघडेल तेव्हा येईल, तिच्याकडे माझी वस्तू आहे. तुला हे तीस वर्षं सांगितलं नाही, कारण कुठली वस्तू ते मला कळलं नव्हतं. मला वाटलं, ग्लानीत बोलते आहे.

बस खाडीपाशी थांबते. मी रोज तिथे असेन. येताना दगड पेटीत टाकू नकोस. हातात धर.

वाटेकडे डोळे लावलेला,
दादा