बारक्याची फिल्म

प्रिय बारक्या,

पत्र पाहून हसशील. फोनवर तासभर डोकं खाणारी ताई आता कागद काळे करायला लागली, म्हणजे म्हातारी झाली, असं बायकोला म्हणशीलही. म्हण बापडा. पण हे बसून वाच, शेवटपर्यंत वाच. आणि उजव्या बाजूने काही चावू नकोस. तिथलं हाड पातळ झालंय, हे तुला तीनदा सांगून झालं.

दवाखान्यातली खुर्ची अजून तीच आहे, वर-खाली करताना कण्हते. आज सकाळी सहा पेशंट पाहिले आणि सहाही तोंडांत मला तुझाच जबडा दिसला. एकाची धडधाकट दाढ ठोकत बसले, तेव्हा बिचाऱ्याने हाताने दाखवलं की दुखतेय ती पलीकडची. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

परवा तुझ्या सर्जनने मला फोन केला होता, हे तुला माहीत आहे. काय विचारलं, ते मात्र मी तुला धड सांगितलं नाही. पूर्वी मी तुझी दाढ काढली होती, त्या जागी आता लिंबाएवढी पोकळी आहे. काढलेल्या दाढेच्या मुळाशी तेव्हाच पाण्याची पिशवी असेल, तर तीच मागे राहून वाढली असणार. अशी पिशवी खरवडून काढली की काम झालं. पण तेव्हा हाड स्वच्छ असेल, तर हे दुसरंच काहीतरी, हाड खात जाणारी गाठ आहे, आणि एक्स-रेत दोन्ही सारखंच दिसतं. त्याने काढलेला नमुना सुजेमुळे प्रयोगशाळेला नीट वाचता आला नाही. म्हणून त्याने मला विचारलं आणि मी सांगितलं, हाड स्वच्छ होतं. त्यावर त्याने शुक्रवारी जबड्याचा तुकडाच काढायचं ठरवलं. साठ पोरांच्या वर्गात दिवसभर ओरडून पोट भरणारा माणूस तू.

तो दिवस आठवतो? पहिल्या नोकरीवर निघाला होतास. दुपारची बस, मांडीवर बॅग आणि एक गाल सुजलेला. बॅग खाली ठेव म्हटलं तरी सोडली नाहीस. मी दोन पेशंटांच्या मध्ये तुला खुर्चीत बसवलं आणि दाढ काढून, कापूस चाववून बसमध्ये चढवलं. कार्ड केलं नाही, नोंद केली नाही. घरच्या माणसाचं कसलं कार्ड, ही आपली जुनी खोड. परक्यांच्या फाइली कपाटात ओळीने लावणारी मी, घरातल्यांच्या एक्स-रेच्या फिल्मा बिस्किटांच्या डब्यात कोंबत आले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

काल तो डबा उघडला. तुझी त्या दिवशीची फिल्म या पत्रासोबत आहे, लेकीच्या हाती पाठवतेय. पाकिटावर नुसतं ‘बारक्या’ लिहिलंय. उजेडासमोर धर, मग सर्जनकडे दे. मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढी काळी सावली दिसेल, भोवती पांढरी रेघ. ती मी त्या दिवशी पाहिली होती. दाढेसोबत पिशवीही खरवडायला हवी होती, पण अर्धा तास लागला असता, टाके पडले असते आणि तुझी बस चुकली असती. आपोआप सुकेल, असं मीच मला समजावलं आणि घाबरशील म्हणून तुला सांगितलं नाही. परवा सर्जनने विचारलं तेव्हा मला लाज वाटली. माझी अब्रू राहावी म्हणून मी तुझं हाड पणाला लावलं, बारक्या. आज सकाळी त्याला फोन करून खरं सांगितलं. शुक्रवारचं ऑपरेशन थांबवलंय. फिल्म पाहून, पुन्हा नमुना घेऊन मगच तो काय ते ठरवेल. खात्री आजही कुणीच देत नाही, मी तर नाहीच. पण तुला हे त्याच्याआधी माझ्याकडून कळायला हवं होतं. रागव, शिव्या दे, हवं तर वर्षभर बोलू नकोस माझ्याशी. फक्त पुढे कधीतरी भांडायला तो जबडा शाबूत घेऊन ये.

तुझीच, चुकलेली
ताई