खुंटीवरचे दोन कुर्ते

खैतान, कुवेत
रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

प्रिय हफिजाआपा,

अस्सलाम अलैकुम. आम्ही तिघं इथं बरे आहोत. अम्मीचा गुडघा कसा आहे? भावोजींना सलाम सांग. आफरीन पहिलीत गेली. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. ऑक्टोबर आला तरी ऊन काही उतरत नाही. आपल्या गावचा यूसुफ उद्याच्या विमानानं तिकडे येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. दवाखान्यात इतर नर्सबायांसमोर उघडू नकोस. घरी, एकटी असताना वाच.

आधी एक गंमत ऐक. परवा शुक्रवारी ताहिराच्या बहिणीकडे, नूरीकडे, फिंतासला जेवायला गेलो होतो. तिच्या बाळाला चाळीस दिवस झाले ना. मी नको नको म्हणत होतो, तरी नूरीनं बाळ माझ्या खांद्यावर दिलंच. त्यानं सगळं दूध माझ्या शर्टावर काढलं. नूरीचा नवरा हुसेन म्हणाला, "तौफीकभाई, न्हाणीघरात खुंटीला माझा हिरवा कुर्ता आहे, तो घाला."

मी कुर्ता घालून बाहेर आलो. नूरी तोंडावर ओढणी धरून खाली बसली.

"दुल्हाभाई, तो माझा आहे!"

आफरीन टाळ्या पिटत ओरडली, "पपा, दॅट्स रेड! अंकल सेड ग्रीन!"

सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. कमरेवर हात ठेवून एक गिरकी घेतली आणि म्हणालो, "चाळीस दिवस नूरीचे लाड झाले, आता माझे करा." हुसेननं फोटोसुद्धा काढला. ताहिरा मात्र हसली नाही. हातातली बशी पुसत माझ्याकडे बघत राहिली.

आपा, दोन कुर्ते शेजारीशेजारी टांगलेले होते. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा होतो. मला दोन्ही सारखेच दिसले, मातकट. अंदाजानं एक ओढला.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. रोज पुढच्या गाड्या थांबल्या की थांबतो, निघाल्या की निघतो. सिग्नलला वरचा दिवा लागलाय की खालचा, तेही बघतो. पण शुक्रवारची दुपार, रस्ता मोकळा, समोर एकही गाडी नाही, आणि ऊन नेमकं दिव्यांवर. मी घुसलो. डावीकडून पाण्याचा टँकर आला. त्याचे ब्रेक कचकचले ते अजून माझ्या कानात आहेत. वीतभर अंतर राहिलं असेल. आफरीन मागच्या सीटवरून खाली पडली. मी तेव्हाही हसलो. म्हणालो, "हे टँकरवाले वेडेच."

घरी आल्यावर ताहिरानं शिवणाचा डबा काढला. धाग्यांची रिळं पलंगावर मांडली आणि म्हणाली, "यातलं लाल द्या."

मी दोनदा चुकलो. मग सगळं सांगितलं. तू पाठवतेस त्या गोळ्या ताकदीच्या नाहीत, मेमध्ये रजेवर आलो होतो तेव्हा मला क्षय निघाला, हे सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आपाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही." उठली, आफरीनची उशी उचलली आणि तिला घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेली.

आता तुझ्याशी बोलायचं राहिलंय. तू मला निघतानाच बजावलं होतंस, त्या मोठ्या गोळीनं नजरेवर परिणाम होऊ शकतो, रंग कळेनासे झाले तर लगेच सांग. दर फोनला विचारायचीस. मी दर फोनला "सगळं नीट दिसतं" म्हणायचो. आपा, महिना झाला. अम्गराच्या वखारीत लाल रंगाचे डबे सांगितले आणि मी लॉरीतून हिरवे उतरवले, तेव्हाच कळलं होतं. वाटलं, बोललो तर डॉक्टर आला, डॉक्टर आला की छातीचा फोटो आला, आणि मग मला परत पाठवतील. रोज फजरच्या नमाजानंतर खिडकीतून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे बघायचो, आज तरी रंग दिसतात का म्हणून.

आणखी एक आहे. हे ताहिरालाही कालच सांगितलं. ऑगस्टमध्ये तुझं पुडकं वेळेवर पोचलं नाही, तेव्हा बारा दिवस माझ्याकडे एकही गोळी नव्हती. तुला कळवलं नाही. हल्ली सकाळी पुन्हा खोकला येतो.

काल लॉरीच्या चाव्या मुदीरच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, टेबलावर ठेवल्या. नजर कमी झालीय, एवढंच बोललो. तो म्हणाला, डॉक्टरचा कागद आण. ताहिरा म्हणते, त्यांनी पाठवायची वाट कशाला बघायची, आपणच जाऊ. एकवीस तारखेची तिकिटं मिळतायत. पण आधी नूरीला सांगा, म्हणाली. तिनंच नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. नूरीच्या मागे बाळ रडत होतं. मग हुसेननं फोन घेतला.

"कधीपासून?"

"मेपासून."

"आम्ही बाळाला डॉक्टरकडे नेतो. तुम्ही आता इकडे येऊ नका." फोन ठेवला.

राग नव्हता गं त्याच्या आवाजात. घाबरला होता. तो मला इतकी वर्षं तौफीकभाई म्हणतो, काल नावही घेतलं नाही.

मोठी गोळी काल आणि आज घेतली नाही, बाकीच्या घेतल्या. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. ताहिरा उचलेल. तिच्याशी खरं बोल, माझी बाजू घेऊ नकोस. माझे रंग परत येतील की नाही, ते मागाहून सांगितलंस तरी चालेल. पण आपा, ते चाळीस दिवसांचं पोर पाऊण तास माझ्या खांद्यावर होतं, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. त्याला काही होणार नाही ना, तेवढं आधी सांग.

तुझ्याशी खोटं बोललेला, घाबरलेला
तुझाच तौफीक