पडद्यावरची राख

३ मार्च
करुणामय बुद्धाच्या कृपेने हे पान उघडतो. आज मन तृप्त आहे!

दोंग-ग्यू, माझा जुना विद्यार्थी, आता बॅटरीचे दोन ध्रुव वेगळे ठेवणाऱ्या पडद्यांच्या कारखान्याचा प्रमुख. नव्या यंत्राच्या पूजेत प्रार्थना मीच वाचावी, हा त्याचा हट्ट. डुकराचं मुंडकं, तांदळाची दारू — सारं आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे यथासांग. वाचून झाल्यावर प्रार्थनेचा कागद जाळला. राख जितकी उंच तितकं शुभ. म्हणून मी पंख्याने वारा घातला. छतापर्यंत गेली. टाळ्या!

पडद्यांवर चढवायच्या लेपाच्या टाकीचं झाकणही मीच उघडवलं. आशीर्वाद आत नको पोहोचायला? यंत्र चालवणारी मीरान — तीही माझीच विद्यार्थिनी — चाचरत म्हणाली, "गुरुजी, आत कचरा गेला तर?"
"पोरी, हा कचरा?"
सगळे हसले. तिने उघडलं.

९ मार्च
दोंग-ग्यू येऊन गेला. पडद्यांवर काळे ठिपके निघाले.

"पडदा केसाहून पातळ, गुरुजी. तापला की आक्रसतो, म्हणून वर सिरॅमिकचा लेप. लेपात कचऱ्याचा कण आला की तिथे तो धरत नाही. तिळाएवढी जागा उघडी राहिली, तरी बॅटरीचे दोन ध्रुव भिडून आग लागायची."
"ठिपके कशाने?"
तो चहाच्या पेल्याकडे पाहत राहिला. "मीरानने झाकण उघडं टाकलं. कामावरून काढावं लागेल तिला."
मी म्हणालो, "अरेरे." — एवढंच!

१० मार्च
पहाटेच्या पठणात असत्य न बोलण्याच्या व्रतापाशी जीभ अडखळली. मी असत्य बोललोच नाही. केवळ गप्प राहिलो. किती सोयीचा भेद!

१२ मार्च
बाजारात मीरान भेटली. हातात मुळ्यांची जुडी. कमरेत वाकून नमस्कार केला.
"जेवलात ना, गुरुजी? गुडघा काय म्हणतोय?"
मला मान वर करवेना. सत्तर वर्षांचं वाचन, आणि एक वाक्य तोंडातून निघेना.

१३ मार्च
कारखान्यात जाऊन दोंग-ग्यूला सांगितलं — झाकण मी उघडवलं, राख मी उडवली.

तो उठून उभा राहिला. "ठाऊक आहे, गुरुजी. सगळ्यांनीच पाहिलं होतं."
"मग मीरान?"
"तीच म्हणाली, अहवालात माझं नाव घाला. या वयात गुरुजींना खाली बघायला लावू नका."

सर्व कामगारांसमोर पुन्हा सांगितलं. मीरान यंत्रावर परतली.

१४ मार्च
हे पान ज्याच्या हाती पडेल, त्याचं कल्याण होवो. त्याचीही लाज कोणी झाकत असेल, तर ते त्याला वेळीच कळो.