राणीछाप रुपया आणि व्हेरी गुड

२ ऑक्टोबर १९९४, सातारा
गांधी जयंती नेमकी रविवारी. हक्काची सुट्टी बुडाली. सकाळपासून डोकं फिरलंय.
त्यात मेहुणा लालासाहेब इस्लामपूरहून आला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो, ऐट मात्र चेअरमनची. सासूबाईंनी देवाघरी जाताना दोन राणीछाप, चांदीचे रुपये मागे ठेवले. एक लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, गोदावरीला. एक लालासाहेबाला. अगदी जुळे. सांगलीला नाण्यांचं प्रदर्शन आहे, तिथे पुण्याचे तज्ज्ञ नाणी तपासून ग्रेड देणार. ग्रेड वर, तर किंमत वर. लालासाहेब म्हणतो, "दाजी, माझं बी दावतो. बगू काय म्हनत्यात."
काट्यावरचा माणूस माझ्याशी बरोबरी करणार! मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. पैज लावली. ज्याची ग्रेड वर, त्याच्या घरी दोन्ही रुपये. तो नको नको म्हणत होता, मीच त्याचा हात ओढून टाळी घेतली.
गोदावरीला पैजेचं सांगितलेलं नाही. बायकांना स्पर्धेचं टेन्शन झेपत नाही.

९ ऑक्टोबर
देव्हाऱ्यातला रुपया द्यायला गोदावरीने आठवडा घेतला. वर अट. "आवं, तेला घासू नगा. आईनं कवा घासलं न्हाई." काळाकुट्ट रुपया, त्यावर कुंकवाचे थर. असा तज्ज्ञांपुढे नेऊ? शाळेत मुलांची नखं तपासतो मी!
पण शब्द म्हणजे शब्द. हात लावणार नाही.

९ ऑक्टोबर, दुपारी
फक्त चिंचेच्या पाण्यात ठेवला. याला घासणं म्हणत नाहीत.

१० ऑक्टोबर
राणीच्या केसांत काळं अडकलंय. हट्टी बाई. रांगोळी लावून पाहिली. मग टूथपेस्ट. ब्रश गोदावरीचा, माझा नवा आहे.

१५ ऑक्टोबर
रुपया आरशासारखा चकाकतोय. राणीचं नाक किंचित बसलं. वयोमान. केसांच्या बटा गेल्या, पण चेहरा कसा मोकळा झाला! गोदावरी दोनदा विचारून गेली. सुरक्षिततेसाठी ड्रॉवरला कुलूप लावलंय, म्हटलं. आपल्याच घरात चौकशा. संताप येतो.

२३ ऑक्टोबर, सांगली
एसटी लेट. कंडक्टर उद्धट. तक्रार करणार होतो, पण त्याच्याकडे तक्रारवही मागितली तर तोच माझ्यावर ओरडला.
लालासाहेबाने रुपया रुमालात बांधून आणला होता. तसाच काळा, कुंकवासकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन हात लांब उभा राहिलो.
तज्ज्ञांनी भिंगातून बघितलं आणि एकेक नाणं पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्यात घालून त्यावर ग्रेड लिहिली. माझी: व्ही.जी., पॉलिश्ड. व्हेरी गुड ना, म्हणून विचारलं. ते हो म्हणाले. पुढे बरंच काही सांगत होते, पण माझे डोळे भरून आले होते. उभा जन्म मुलांच्या वह्यांवर व्हेरी गुड लिहीत आलो, आज पहिल्यांदा मला कोणी दिलं. आणि पॉलिश्ड! म्हणजे सुसंस्कृत.
लालासाहेबाला मिळालं एक्स्ट्रा फाईन. फाईन म्हणजे दंड, हे आठवीतलं पोरही सांगेल. हा तर जादा दंड! असली घाण आणल्यावर दुसरं काय होणार? तो मागेच थांबला, बहुधा दंड माफ करून घ्यायला. मी पुढची एसटी पकडली.

२४ ऑक्टोबर
स्टाफरूममध्ये पेढे वाटले. विज्ञानाच्या सरांनी दोन घेतले आणि अभिनंदन एकदाही केलं नाही. जळके लोक.
लालासाहेबाला कार्ड टाकलं: पैजेप्रमाणे रुपया आणून द्यावा.

२९ ऑक्टोबर
उत्तर नाही. हरलेला माणूस असाच तोंड लपवतो. दुसरं कार्ड टाकलं. लाल शाईने.

१ नोव्हेंबर, धनत्रयोदशी
लालासाहेब आला. सोफ्याच्या कडेला बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दाजी, रागावू नगा. म्या तवाच इचारलं त्यास्नी. एक्स्ट्रा फाईन लय वरचं असतंय. व्हेरी गुड म्हंजी पार झिजल्यालं."
मी ओरडलो. इंग्रजी मला शिकवतोस? गुडच्या वर व्हेरी गुड, हे इंग्रजांनीच ठरवलंय! तर म्हणतो, "नाण्यांचं इंग्रजी निराळं हाय म्हनं. पॉलिश म्हंजी घासल्यालं. घासल्यावर किंमत जाती."
तज्ज्ञ भोंदू आहे, म्हटलं. पुणेकरच तो.
"जाऊ द्या. पैज बिज काय न्हाई. आक्काचा रुपया आक्काकडंच ऱ्हाऊ द्या," लालासाहेब म्हणाला. गोदावरी चहा घेऊन दारातच उभी होती. कसली पैज, तिने विचारलं. या मूर्खाने सगळं सांगितलं!
तिने ड्रॉवरची किल्ली मागितली. रुपया पुठ्ठ्यातून काढला. अंगठ्याने बराच वेळ चाचपत राहिली. वाटलं, आता भांडेल. मी चार उत्तरं तयार ठेवली होती. तिने रुपया पदराच्या गाठीत बांधला आणि लालासाहेबापुढे चहा ठेवला. याचा मला जास्त राग आला.

३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पाटावर आजच्या चलनातला एक रुपया. किराणावाल्याने सुटे म्हणून दिलेला. मी आवाज चढवून विचारलं, राणीछाप कुठाय?
"म्हायेरी धाडली लालासायबाबरूबर," गोदावरी वातीला तूप लावत म्हणाली. "तितं तिला कुनी घासत न्हाई."
मी आरती मुद्दाम मोठ्याने म्हटली. शेवटपर्यंत एकट्यानेच.