हिरडीपर्यंतचं हसू

अहो,

मी कामावर निघाले. पाच वाजता दातांच्या डॉक्टरांकडे एकटेच जा. पुढचे दोन नवे दात बसवायला हिरडीखाली हाडात टायटॅनियमचा स्क्रू नको, पांढरा सिरॅमिकचाच सांगा. तुमची हिरडी पातळ आहे, मोठ्याने हसलात की टायटॅनियमची करडी छटा दिसेल, असं ते म्हणाले होते. त्यावर तुमचं उत्तर, "मी कुठे एवढा हसतो?"

म्हणून काल सगळे अल्बम तपासले. लग्नात ओठ मिटलेले, सहलींत मिटलेले. तळ्यावरच्या एका फोटोत मात्र अख्खी हिरडी उघडी! तो चष्म्याखाली ठेवलाय, डॉक्टरांना दाखवा. त्यात मी चिखलात आपटलेय, म्हणून वीस वर्षं लपवला होता. पण दात पडल्यापासून तुम्ही तोंडावर हात धरून बसता, त्यापेक्षा मला हसलेलं परवडलं.

— मी