अंघोळीचा रकाना

४ मार्च, सोमवार

मास्तरीणबाईंची अंघोळ आजही नाही. अकरावा दिवस. रजिस्टरात लिहिलं – नाकारली.

रकान्यात दोनच शब्द चालतात. झाली किंवा नाकारली. तिसऱ्या मजल्यावर एकतीस म्हातारी माणसं, आणि सकाळच्या पाळीला आम्ही दोघं पुरुष सेवक. अख्ख्या वृद्धाश्रमात सकाळी सेविका एकच, ती तळमजल्यावर. तिला तिथेच मान वर करायला फुरसत नसते. मास्तरीणबाई पुरुषाच्या हातून अंघोळ करून घेत नाहीत. ओल्या फडक्याने स्वतःच अंग पुसतात, हात पोचतो तिथवर. पाठ राहते. पाठीवर पुरळ उठलंय म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

५ मार्च

बायकोला सहज सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांनी अंघोळ नाकारली, की तुला नाकारलं?"

 बावीस वर्षं हाच शब्द लिहितोय.

७ मार्च, गुरुवार

आज लिहिलं – 'सेविका नव्हती.' अक्षर बारीक करून रकान्यात कोंबलं.

एकदा भीड चेपली म्हटल्यावर काय! कोपऱ्यातले आजोबा प्रार्थना झाल्याशिवाय घास घेत नाहीत, आणि नाश्त्याचे ट्रे वीस मिनिटांत परत गोळा करावे लागतात. त्यांच्यापुढे रोज 'नाश्ता नाकारला' असतं. आज लिहिलं – 'थांबायला माणूस नव्हता.'

जोडीदार म्हणाला, विषाची परीक्षा कशाला बघतोस. दुपारी रजिस्टर चाळलं, तर त्यानेही दोन ठिकाणी तेच लिहिलेलं.

११ मार्च, सोमवार

तळमजल्यावरही सुरू झालं. सेविकेने तर पानभर लिहिलं. काल भेटायला आलेल्या नातेवाइकांना आम्ही त्यांच्या त्यांच्या माणसाच्या नोंदी दाखवल्या. एका मुलीने आईच्या नावापुढचे सगळे 'नाकारली' बोटाने मोजले. मग खुर्चीवर बसली. "आणि मी आईलाच रागवत होते," एवढंच म्हणाली.

अर्ज तयार झाला. प्रत्येक पाळीला प्रत्येक मजल्यावर निदान एक सेविका, दहा जणांमागे एक माणूस, आणि ज्याला जसं लागतं तसं विचारून करायचं. सेवक आणि नातेवाईक मिळून चव्वेचाळीस सह्या. २१ तारखेला तपासणी समिती येणार आहे, तिच्या हातात द्यायचा.

१४ मार्च

व्यवस्थापक साहेबांनी बोलावलं. चहा दिला! तेव्हाच मनात पाल चुकचुकली. नोंदींत मनमानी केल्याचा ठपका. उद्यापासून जुने शब्द लिहायचे, नाहीतर घरी बसायचं. इतकी वर्षं झाली म्हणून आधी तोंडी सांगतोय, म्हणाले. मोठ्या सिस्टर सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. रकाने भरायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

धाकटीचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे. घरी काही बोललो नाही. भीती वाटते, लिहायला काय हरकत आहे.

१५ मार्च

'सेविका नव्हती.'

१९ मार्च, मंगळवार

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. संमतीपत्र. पुरुष सेवकाने अंघोळ घातलेली चालेल. खाली मास्तरीणबाईंची सही, फळ्यावर करावी तशी ठळक. ज्यांच्यावरून एवढं रामायण, त्यांनाच चालतंय, मग सेविका हवी कशाला – असं ते समितीला विचारणार आहेत. एका कागदाने सगळं मुसळ केरात.

वर जाऊन बाईंना विचारलं. साहेब काल अर्धा तास शेजारी बसले होते म्हणे. या भानगडीत तुमच्या सेवकाची नोकरी जाईल, असं सांगून गेले.

"मग केली सही," बाई म्हणाल्या. "तू रोज विचारतोस, नाही म्हटलं की निमूट जातोस. तुझ्या पोरीबाळींचं बघ. मी डोळे मिटून घेईन."

मला राग आला. साहेबांचा नाही, बाईंचाच. मग जिन्यात बसून राहिलो. लाज वाटली.

२० मार्च

घरी सगळं सांगितलं. बायकोने ताटं उचलली. मग म्हणाली, "उद्या डबा देऊ ना?" मी म्हटलं, दे.

२१ मार्च

समिती दहाला आली. साहेबांनी संमतीपत्र दाखवलं. बाईंनी मान्यता दिल्यावर अंघोळ झालीच असेल ना, म्हणून समितीने रजिस्टर मागवलं. आजच्या रकान्यात मी सकाळी सातलाच लिहून ठेवलं होतं – 'नाकारली. सेवकाने.' खाली माझं पूर्ण नाव आणि सही.